पुढच्याने सांगायचं

जुन्या गिरणीतलं हॉस्टेल,
३ मे

बाबा आणि आई, दोघांना नमस्कार. आईंनी आधी चष्मा पुसून घ्यावा, कारण पत्र लांबलचक आहे आणि ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

बाबा, निघताना तुम्ही बजावलंत, "सूनबाई, नुसतं 'छान आहे, मजेत आहोत' असलं लिहू नकोस. डोळे गेलेल्या माणसाला 'छान' म्हणजे काय कळणार? मला दिसेल असं लिही." आता भोगा. शाळेतली बाई आहे मी, मला निबंधच लिहिता येतो.

सरहद्द आगगाडीने ओलांडली आणि स्टेशनातून सायकली बाहेर काढल्या. परदेश परदेश म्हणून टिल्लूने महिनाभर डोकं खाल्लं होतं. बाहेर पाऊल टाकून म्हणतो, "इथलं गवत पण हिरवंच आहे." झालं, सहा वर्षांच्या साहेबांचा परदेश तिथेच संपला.

हे हॉस्टेल म्हणजे पूर्वीची पिठाची गिरणी. भिंतीच्या फटीत अजून पीठ आहे म्हणून टिल्लूने बोट घालून चाटलं, तर निघाला चुना. दारातच बूट काढून खणात ठेवायचे, आपली ताटं आपण विसळायची, आणि निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाने एक काम करून जायचं. आमच्या वाट्याला जिना झाडणं आलं. एका खोलीत चार पलंग, एकावर एक असे. तुमच्या चिरंजीवांनी खालचा बळकावला. शिडी चढायचा कंटाळा, दुसरं काय.

आता आमची वरात कशी चालते ते ऐका. दरवर्षी तुमचे चिरंजीव पुढे असतात. यंदा सगळ्यात पुढे थोरली. बारा वर्षांची झाली, तिला पुढारीपण यायला हवं म्हणे. तिच्या मागे ते, आणि शेवटी मी, टिल्लूसकट. त्याच्या सायकलला पुढचं चाकच नाही, ती माझ्या सायकलला दांडीने जोडलेली आहे. त्याने पाय मारले काय न मारले काय, ओझं माझ्याच गुडघ्यांवर.

थोरलीने रस्त्यात दिसेल ते ओरडून सांगायचं, असा खेळ आहे. "डावीकडे खांब! खड्डा! समोरून ट्रक!" दिवसभर हेच. एखादा खांब राहिला की मागून विचारणा होते, "पुढच्याने सांगायचं असतं ना?" तिला एक भडक पिवळा सदरा आणलाय आणि तो रोज धुऊन रोज तोच घालायचा हुकूम आहे. बिचारी लांबून लिंबासारखी दिसते.

तुमचे चिरंजीव मात्र इथे जरा धांदरट झालेत. दारातल्या कुंडीला अडखळले, जेवताना पाण्याचा पेला लवंडला. हॉस्टेलवाल्या बाईंनी हात मिळवायला हात पुढे केला तर हे त्यांच्या तोंडाकडे बघून गोड हसत राहिले आणि हात तसाच लोंबकळत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टिल्लू आहे तसाच भित्री भागूबाई. जेवणघर तळघरात आहे, दिवे मंद. साहेब जिन्याच्या तोंडाशी भोकाड पसरून उभे. शेवटी पाठुंगळी घेऊन उतरवला.

पुढच्या हॉस्टेलचा पत्ता तुमच्याकडे आहेच. टपाल तिसऱ्या दिवशी मिळतं असं बाई म्हणाल्या. तुमचं पत्र वाचायचा मान तुमच्या चिरंजीवांचा. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेव्हा त्यांच्या तक्रारी करायच्या असतील तर जपून.

तुमची सूनबाई


घर,
७ मे

सूनबाई,

पत्र पोचलं. हिने दोनदा वाचलं, आणि हात लोंबकळला तिथे दोन्ही वेळा हसली. मी सांगतोय आणि ही लिहितेय. मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर मला कळणार नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

ओरडायचा खेळ ऐकून मला फार बरं वाटलं. अरे लबाडा, तो खेळ माझा आहे. वेल्डिंगने माझे डोळे खाल्ले तेव्हा तू टिल्लूपेक्षा जरासा मोठा होतास. मी तुला पुढे घालून कारखान्यात जायचो. तू इंजिन, मी डबा. "पायरी, खांब, गाय, साहेब" असं तू ओरडायचास. साहेबालासुद्धा अडथळ्यात धरायचास. ते तुझ्या लक्षात राहिलं आणि तू पोरीला शिकवलंस, याचा आनंद झाला.

एक विचारतो. पेला लवंडला तो कुठे ठेवला होता? ताटाच्या समोर की बाजूला? आणि कुंडी दारात मधोमध होती की कडेला? उगाच विचारतो. मला चित्र पुरतं लागत नाही.

थोरलीच्या लिंबाला आणि टिल्लूच्या चुन्याला आशीर्वाद.

बाबा

(मी लिहिते आहे. हात पुढे केला तर हात द्यावा, एवढं मी त्याला शिकवलं होतं. विचार त्याला. बाकी इकडे ठीक. — आई)


नदीकाठचं हॉस्टेल,
११ मे

बाबा, आई,

तुमचं पत्र तुमच्या चिरंजीवांनी काल टेबलाशी उभं राहून वाचलं, अगदी नाटकातल्यासारखं. साहेबाला अडथळ्यात धरलं तिथे पोरं इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची म्हातारी जोडपीही हसायला लागली, एक अक्षर न कळता.

बाबा, तुमच्यासारखा श्रोता मिळायला नशीब लागतं. पेला कुठे होता म्हणून कुणी विचारतं का? पण तुम्ही विचारलंत म्हणून आठवून सांगते. पेला ताटाच्या उजव्या अंगाला होता. कुंडी दाराच्या कडेला, गुडघ्याएवढी. लागलं का चित्र?

नवं चित्र देते. इथे जुन्या आगगाडीचे रूळ उखडून सायकलींचा रस्ता केलाय. त्यावर एक बोगदा लागला. आत दिवे आहेत, पण नावाला. मी टिल्लूला घेऊन दामटत पुढे निघाले. टिल्लूने जो आकांत मांडला! मी त्याच्यापुढे हातभर अंतरावर, आणि हा ओरडतोय, "आई, तू कुठेस? आई, तू गेलीस का?" भित्रेपणालाही काही सीमा असते.

आम्ही बाहेर आलो, वाट बघतो, बघतो, दोघांचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने बोगद्यातून आवाज आला. थोरली सायकल हातात धरून चालत होती आणि तुमचे चिरंजीव एका हाताने आपली सायकल ढकलत, दुसऱ्याने तिच्या कॅरिअरला धरून मागे. चेन पडली होती म्हणे. मी म्हटलं, तुमच्या हाताला तर काळं लागलेलं नाही. तर म्हणाले, थोरलीने बसवली. तिचेही हात स्वच्छ. आणि पोरीचे डोळे रडून लाल. विचारलं तर म्हणते, धूळ गेली. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही तिला काही बोललात का? दोघांनी मान हलवली. बापलेकीचं काहीतरी गुपित चाललंय आणि मी आपली भाराभर सामान ओढणारी.

बाबांची शेपूट झालीय ती. हॉस्टेलच्या बोळातून त्यांना दात घासायला जायचं असलं तरी ही पुढे. चार वाजले की तुमच्या चिरंजीवांचा मुक्काम ठरलेला. ऊन असलं तरी पुढे जायचं नाही. काल झाडीतून रस्ता होता, ऊन-सावली, ऊन-सावली, तिथे तर उतरून चालत निघाले. वय झालं म्हणावं तर चाळिशीही नाही.

पण एक सांगू? रोज संध्याकाळी पोरांकडे इतका वेळ टक लावून बघत बसतात, की मला आपलं बरं वाटतं. घरी नकाशाच्या कचेरीतून आल्यावर मान वर करायला फुरसत नसते.

पुढचा मुक्काम घाटमाथ्यावर, जुन्या जकात नाक्यात.

सूनबाई


घर,
१४ मे

सूनबाई,

पाकीट फक्त तुझ्या नावाने धाडलं आहे. हे मोठ्याने वाचायचं नाही. टेबलावर तर नाहीच. एकटी असशील तिथे जा आणि वाच.

तुझं पत्र ही वाचत होती. बोगद्यापाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, वाच ना. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं ना?" मला पेल्यापाशीच शंका आली होती, पण मी ती तोंडातून काढली नव्हती. तिला कॅरिअरला धरलेला हात दिसला. माझा हात तीस वर्षं तिच्या खांद्यावर आहे, तिला नाही दिसणार तर कुणाला दिसणार.

त्याला दिसत नाही, पोरी. पूर्ण नाही असं नाही. समोरचं दिसतं, अगदी बारीक अक्षरही. म्हणून तो पत्र वाचतो, नकाशे काढतो आणि कुणाला संशय येत नाही. पण कडेचं जातं. खालचं जातं. नळीतून बघावं तसं उरतं. आणि उजेड कमी झाला की तेही नाही. ताटाच्या बाजूचा पेला, गुडघ्याएवढी कुंडी, छातीखाली पुढे केलेला हात. माझं असंच सुरू झालं होतं, याच क्रमाने.

तो खेळ नाही. थोरली त्याचे डोळे झाली आहे. तिला माहीत आहे. तिला त्याने बोलू दिलेलं नाही.

मला आणखी एक धक्का बसला आहे, तो सांगतो. माझे डोळे वेल्डिंगने गेले असं मी मानत आलो. डॉक्टरही तसंच म्हणाला होता. म्हणून या मुलाला मी ठिणगीजवळ फिरकू दिलं नाही. रस्त्यात कुठे वेल्डिंग चाललेलं असलं तर ही दोन्ही हातांनी त्याचे डोळे झाकून पलीकडे न्यायची. लोक हसायचे. त्याने आयुष्यात वेल्डिंगचा होल्डर हातात धरलेला नाही. मग त्याला हे कुठून आलं? मी दोन दिवस बसून हाच विचार करतो आहे. माझ्याकडून आलं असेल तर ते माझ्याकडे वेल्डिंगने आलेलंच नव्हतं.

ते नंतर बघू. आधी सायकली थांबव. सामान आगगाडीत टाका आणि डोळ्यांचा मोठा दवाखाना जिथे असेल तिथे जा. घाट उतरू नका. टिल्लूला त्याच्याजवळही जाऊ देऊ नकोस, म्हणजे रस्त्यावर. पोटातलं सांगतो, मला झोप नाही.

बाबा

(त्याच्यावर ओरडू नकोस. आधी थांबव, मग ओरड. — आई)


घाटमाथ्यावरचं हॉस्टेल,
१७ मे

बाबा, आई,

आजच तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव बघून मी फुशारले, पण फोडायचा मान घरच्या नियमाने तुमच्या चिरंजीवांचाच. त्यांनी वाचून दाखवलं. मध्येच ठसका लागला म्हणून पाणी प्यायला थांबले, तेवढंच.

आईंचा गुडघा दुखतोय हे ऐकून वाईट वाटलं. जिना चढउतार कमी करा आणि शेक घ्या. बाबांनी रेडिओ स्वतः दुरुस्त केला, शाबास. आणि आम्ही घाट जपून उतरावा, मुलांना मजा करू द्यावी, असं म्हणालात ते बरं केलंत. इथे घरात घाटावरूनच भांडण पेटलंय.

झालं असं. काल चढावर मेंढ्या आडव्या आल्या. थोरलीला ओरडायला उशीर झाला आणि तुमचे चिरंजीव थेट कुंपणात. त्यांना चुकवताना मी हातावर पडले. मनगट टम्म सुजलंय, ब्रेक दाबवत नाही. टिल्लूला काही झालं नाही. म्हणून मी म्हटलं, उद्या टिल्लूची सायकल तुमच्या मागे जोडू. तर नाही म्हणाले. का? तर नाही. एक दिवस थांबू म्हणाले, पण उद्या इथे दुसरी टोळी येतेय, जागा नाही. मग सामान घेऊन मोटारीने जाऊ म्हणाले. इतकी वर्षं सायकलचं वेड लावलंत आणि खरा उतार आला की मोटार? मी चिडले. म्हटलं, एक दिवस स्वतःच्या मुलाला ओढलंत तर काय बिघडेल, मी रोज ओढते. सगळं जेवणघर ऐकत होतं.

शेवटी मान हलवली. चेहरा असा की जणू फासावर चढवतेय. उतार वळणावळणांचा आहे, कडेला कठडा नाही, पण दृश्य म्हणे डोळ्यांचं पारणं फिटेल असं. खाली पोचल्यावर सविस्तर लिहीन.

थोरली जेवली नाही. भांडणाचा परिणाम, दुसरं काय.

सूनबाई


घर,
१९ मे

सूनबाई,

माझा गुडघा दुखत नाही. कधीच दुखला नाही. आमचा रेडिओ बिघडलेला नाही. आमच्या पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं.

तुझं पत्र मी अर्धं वाचलं आणि हे चाचपत खुर्चीतून उठले. मी हॉस्टेलला फोन लावला. तिथल्या बाई त्यांच्या भाषेत बोलल्या, मी माझ्या भाषेत ओरडले, आणि फोन ठेवला गेला. तू हे वाचशील तेव्हा तुम्ही घाट उतरून गेलेले असाल. तरी लिहिते. माझ्या हातात लिहिणंच आहे, दुसरं काय करू. हे पाकीट फक्त सुनेच्या हाती द्या, असं बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय. ते तरी कोण वाचणार.

आम्ही दोघं दारात बसून आहोत.

आई


मोठ्या शहरातलं हॉस्टेल, दवाखान्यासमोर,
२३ मे

बाबा, आई,

सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहिते. आईंचं गुडघ्याचं पत्र मागून फिरत आलं आणि आज मिळालं. तार केली ती पोचली असेल.

आम्ही घाट उतरलो नाही. का नाही ते सांगते. मनगट अजून सुजलेलं आहे, अक्षर सांभाळून घ्या.

त्या सकाळी सामान बांधून बाहेर आलो तर सगळ्या सायकलींची चाकं जमिनीला बसलेली. हवा नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मी हॉस्टेलवाल्या बाईंवर ओरडणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "मी काढले. कड्यावरून खाली फेकले."

"का?"

मी तिला मारलं, बाबा. सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती, बापाकडे बघत होती. म्हणाली, "मी सांगणार नाही असं कबूल केलंय. मी सांगतही नाहीये. पण टिल्लूला बाबांच्या मागे जोडू देणार नाही."

मला तरीही कळलं नाही. मी पुन्हा हात उगारला. तेव्हा तुमचे चिरंजीव म्हणाले, "तिला मारू नको. मला दिसत नाही."

मी म्हटलं, "काय दिसत नाही?"

ते आत जाऊन जेवणाच्या टेबलाशी उभे राहिले आणि सदऱ्याच्या आतून तुमचं पत्र काढलं. आणि वाचलं. खरं वाचलं, पहिल्या ओळीपासून, "मोठ्याने वाचायचं नाही" इथपासून. आवाज बदलला नाही. आई डोळे झाकून पलीकडे न्यायच्या, तिथे मात्र थांबले. टिल्लूने मध्येच विचारलं, "आजीचा गुडघा कुठे गेला?" कुणीच हसलं नाही.

मी तिथल्या बाकावर बसले. अहो, मी शाळेत शिकवते. मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही हे मला दोन दिवसांत कळतं. आणि घरातल्या माणसाचे पेले मोजून, हसून, मी तुम्हाला पत्रांतून लिहीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि घाट उतरायचा हट्ट कुणाचा? माझा. स्वतःचं पोर मी स्वतःच्या हाताने त्यांच्या मागे बांधणार होते.

मग ओरडले, आई. तुम्ही सांगितल्याप्रमाणे, थांबवून झाल्यावर. म्हटलं, पोराला घेऊन कड्यावरून जायला तयार झालात, पण तोंड उघडलं नाहीत? ते म्हणाले, पहिल्या वळणाआधी मुद्दाम पडणार होतो. वर्षभर कळत होतं त्यांना. सांगितलं की सहल नाही, नोकरी नाही, सायकल नाही. "टेबलावर तुम्ही तिघं मला एकदम दिसत नाही आता," म्हणाले. "एकाकडे बघितलं की दोघं जातात. म्हणून एकेकाला बघून घेत होतो." मला त्यांचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू.

इथे डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई आम्हाला कळावं म्हणून सावकाश बोलतात. तुमच्या चिरंजीवांना एका पांढऱ्या अर्ध्या घुमटासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. ठिपका वर चमकला, खाली चमकला, उजवीकडे, डावीकडे. मला सगळे दिसत होते. त्यांचा अंगठा हलला नाही. बराच वेळ झाला आणि ते शांतपणे म्हणाले, "सुरू झालं की सांगा."



डॉक्टरीणबाईंनी तुमची चौकशी केली. वेल्डिंगचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठिणगीने डोळे जळतात, पण असे कडेकडेने आटत जात नाहीत. हे रक्तातलं आहे. तुम्हालाही तेच असणार. औषध नाही. किती वर्षं उरेल ते सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "मुलांपैकी कुणाला अंधारात त्रास होतो का?"

मी म्हटलं, "नाही, थोरलीला नाही. आणि धाकटा तर नुसता भित्रा आहे, त्याला अंधारात..."

तळघराचा जिना आला डोळ्यांसमोर. आणि बोगदा. मी हातभर पुढे, आणि तो विचारतोय, आई, तू गेलीस का?

त्यांनी खोलीतला दिवा मंद केला आणि टिल्लूला म्हणाल्या, खुर्चीवरची पिवळी गाडी घेऊन ये. खेळण्यातली मोठी गाडी होती. मला दिसत होती, थोरलीला दिसत होती. टिल्लू मधोमध उभा राहिला, हात पुढे करून. रडला नाही. म्हणाला, "कुठली गाडी? दिवा लावा ना मग देतो."

थोरली उठली आणि म्हणाली, "दोन पावलं पुढे. खुर्ची डावीकडे."

पुढे लिहवत नाही.

सूनबाई


घर,
२७ मे

सूनबाई,

हिने पत्र वाचलं. मग मी तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

काल दिवसभर मला एकच गोष्ट आठवत होती. आम्ही लहान असताना अंगणापलीकडे लाकडाची खोप होती. दिवस मावळला की माझी आई मला जळण आणायला पाठवायची आणि मी दारात उभा राहून रडायचो. भाऊ हसायचे. मला सगळे भित्रा म्हणायचे. मी मोठा झाल्यावर तोच विनोद स्वतःवर सांगायचो, लहानपणी काय भित्रा होतो म्हणून. वेल्डिंगची काळी काच मी विशीत डोळ्यांवर धरली. खोपीपुढे रडलो तेव्हा टिल्लूएवढा होतो.

म्हणजे मला तेव्हाही दिसत नव्हतं. सत्तर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. आज नातवाच्या बोगद्यातून मला ते कळलं.

त्याला यापुढे कुणी भित्रा म्हणायचं नाही. तूही नाही, मीही नाही. त्या पोराला काही दिसत नव्हतं आणि तरी तो तुझ्या मागे पाय मारत राहिला. भित्र्याचं काम नव्हे ते.

थोरलीचा गाल माझ्या वतीने कुरवाळ. आणि तिला पुढून काढ. ती बारा वर्षांची आहे. तिचा बाप आठ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला इंजिन केलं. तो कधी तक्रार करत नव्हता, म्हणून मी समजत होतो की त्याला मजा येते. ती खांब सांगेल, पायरी सांगेल, पण तिला हवं तेव्हा. तिचा नंबर लावू नका. आपण मोठी माणसं आहोत, पुढे आपण चालायचं.

मुलाला सांग, मी रागावलेलो नाही, रागावायला वेळ लागेल. त्याने टेबलावर वाचलेलं ते खोटं पत्र मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्या नावावर काय काय खपवलंय ते मला कळायला नको का? रेडिओ दुरुस्त केला म्हणे मी.

आता या. सायकली आगगाडीत नीट बांधा. विकायच्या नाहीत. दोन माणसांची एक सायकल मिळते, पुढे हँडल धरणारा एक आणि मागे नुसते पाय मारणारा दुसरा. तू पुढे बस. मागचा बसून हुकूम सोडेल, ते तू ऐकू नकोस.

कधी पोचताय ते कळवा.

बाबा

(आमच्या घरात जिन्याला दिवा नव्हता. ह्यांना उपयोग नाही आणि मला सवय आहे, म्हणून तसंच राहिलं होतं. परवा हे मला घेऊन बाजारातून मोठे दिवे आणायला गेले. जिन्यात, न्हाणीघरात, माजघरात, माळ्यावरसुद्धा लावले. मी म्हटलं, वायरमनला बोलावू. तर नाही, स्टुलावर स्वतः चढले. मी खाली स्टूल धरून उभी होते, थोडं डावीकडे, आता वर, म्हणून सांगत. सगळे लावून झाल्यावर मला विचारलं, "पेटले?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, "पहिल्या पायरीवर बसून बघ, त्याच्या उंचीवरून." मी बसले. सगळं दिसत होतं. — आई)